तंजावरास जावे ते कशासाठी?



तंजावरास जाऊन आलो असे कोणाला सांगितले, की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "ते मोठे देऊळ पाहिलेत का?" आणि दुसरा, "तिकडे अजून आपली मराठी माणसे आहेत म्हणे, खरे का?" दोन्हींचे उत्तर होय असेच आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच दोन प्रश्न खिशात घालून गेलो होतो. दीड दिवसात दोन्हींची उत्तरे मिळाली आणि हाती तर अजून दोन दिवस होते! आता करावे काय, या विचारात बसलो असता मुक्कामाच्या जागेच्या मालकाने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, "वीणा पाहिली?" मी म्हटले, "पाहिली की, संग्रहालयात, काचेच्या कपाटात." गृहस्थ हसले. म्हणाले, "ती झालेली वीणा. होत असलेली पाहा." आणि त्यांनी एका गल्लीची वाट दाखवली. माझे तंजावर खरे सुरू झाले ते त्या गल्लीपासून.

तेव्हा आज मी तंजावरचा इतिहास सांगणार नाही, म्हणजे लागेल तेवढाच सांगेन. कला पाहायची म्हणून एखाद्या जुन्या गावी जायचे झाले तर काय पाहावे, कसे पाहावे, हे तंजावरच्या निमित्ताने बोलायचे आहे.

हे गाव तमिळनाडूत, कावेरीच्या मुखाकडच्या सपाट मुलखात आहे. चेन्नईहून सुमारे ३४० किलोमीटर, आणि त्रिचीहून म्हणजे तिरुचिरापल्लीहून पन्नास-साठ. आपल्याकडून जाणाऱ्याने चेन्नई किंवा त्रिची गाठावी आणि तिथून पुढे आगगाडीने वा बसने जावे. गाव जवळ येऊ लागले की दोन्ही अंगांना भाताची खाचरे दिसू लागतात. मावळातल्या नाहीतर कोकणातल्या माणसाला अगदी घरच्यासारखे वाटते. फरक एवढाच, की इथे डोंगर नाही, नजर पोचेल तिथवर पाणी आणि पीक. हा भात तेवढा ध्यानात ठेवा. पुढे जे देऊळ, जो नाच, जे गाणे पाहायचे आहे ते सगळे या भाताच्या कणगीवर उभे राहिले आहे.

इथे आधी चोळ राजे होते, तमिळ बोलणारे. पुढे सोळाव्या शतकात नायक आले, ते तेलुगू. १६७५-७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, ज्यांना एकोजी असेही म्हणत, त्यांनी तंजावर घेतले आणि दरबारात मराठी आली. १७९९ मध्ये कारभार इंग्रजांकडे गेला, आणि १८५५ मध्ये शेवटचे राजे वारले, त्यांना पुत्र नव्हता, म्हणून नावापुरती उरलेली गादीही गेली. म्हणजे पाहा, जो राजा येई तो आपली भाषा घेऊन येई. गाणारा, नाचणारा, लाकूड तासणारा मात्र बहुधा तिथलाच राही आणि नव्या धन्याची भाषा आपल्या कामात मुरवून घेई. तंजावरात हिंडताना हा एक धागा हाती धरला, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

सुरुवात देवळापासूनच करू. बृहदीश्वराचे हे देऊळ राजराज चोळाने बांधले; ते १०१० साली पुरे झाले. शिखर २१६ फूट उंच आणि सारे काम ग्रॅनाइटच्या, म्हणजे कठीण काळ्या-करड्या दगडाचे. या मुलखात तसा दगड नाही. तो दुरून आणला. १९८७ पासून हे देऊळ जागतिक वारशाच्या यादीत आहे. "या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही," असे तिथे तुम्हाला दहा जण सांगतील. आपण मान डोलवावी आणि दुपार कलली की त्याच सावलीत जाऊन बसावे. मी बसलो होतो. चांगली गार असते.

पण मला शिखरापेक्षा भिंतीवरच्या अक्षरांनी जास्त वेळ थांबवले. पायथ्याच्या दगडांवर राजराजाचे तमिळ लेख कोरले आहेत आणि त्यांत देवळाच्या सेवेला आणलेल्या ४०० नर्तकींची यादी आहे. नुसता आकडा नाही बरे का! बाईचे नाव, ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली, तिला कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ओळीत, कितवे घर दिले, आणि वर्षाला किती भात, हे सगळे लिहिलेले. त्यांच्या मागोमाग गाणारे, वाजवणारे, शिंपी, कुंभार, परीट, न्हावी, सुतार, सोनार, जोशी, हिशेबनीस. आपल्या गावच्या बलुत्याची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. हजार वर्षांपूर्वीच्या राजाने स्वतःचे नाव कोरले यात नवल नाही. परिटाचा वाटा दगडावर कोरून ठेवला याचे मला नवल वाटले.

वरच्या मजल्यावर, गाभाऱ्याभोवतीच्या भिंतीत, नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांची, म्हणजे नृत्यातल्या हालचालींची, शिल्पे कोरायला घेतली होती. ८१ कोरून झाली. बाकीच्या शिळा कोऱ्याच आहेत. खालच्या अंगाला, नायकांच्या काळच्या चित्रांच्या थराखाली, चोळांच्या काळची चित्रे १९३१ साली सापडली. हे दोन्ही भाग सर्वांसाठी उघडे नसतात. छायाचित्रांवर समाधान मानावे लागते. मात्र त्या प्रशस्त पटांगणात उभे राहून एवढे आठवावे, की देवळाला हजार वर्षे झाली तेव्हा, २०१० साली, इथे एक हजार नर्तक-नर्तकींनी एकत्र भरतनाट्यम केले होते. ४०० जणींच्या यादीपासून तिथपर्यंतची वाट सरळ नव्हती; तिच्याविषयी पुढे बोलेन.

देवळातून निघण्यापूर्वी आपल्या माणसाने नैर्ऋत्येकडच्या भिंतीशी जरूर जावे. तिथे १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. चोळांच्या देवळावर मराठीत एवढा मोठा लेख! पाहिला की ऊर भरून येतो, खोटे कशाला सांगू? पण ऊर भरून आला म्हणजे पाहणे झाले असे नव्हे. आता त्या गल्लीत चला.

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. ओंडके पन्रुटीच्या बाजूने येतात. तिकडचा फणस प्रसिद्ध आहे. आपल्या मिरजेला सतार आणि तंबोरा करतात तो भोपळा वाळवून. तो भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. तंजावरात भोपळ्याचे काम लाकडालाच करावे लागते. ओंडका वाकसाने तासून, आतून कोरत कोरत, मोठ्या घागरीसारखे पोट काढतात. एकाच ओंडक्यातून पोट, दांडी आणि मान सलग काढली, तर तिला एकांड वीणा म्हणतात. तिचा मान मोठा आणि किंमतही मोठी. तीन तुकडे जोडून केलेली त्यामानाने स्वस्त. टोकाला यळी नावाच्या काल्पनिक प्राण्याचे तोंड असते, सिंहासारखे. कडेच्या नक्षीला पूर्वी हस्तिदंत लागे. आता प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, आणि ते बरेच झाले म्हणायचे.

मी गेलो तेव्हा एक म्हातारे कारागीर मांडीवर कोरलेले पोट घेऊन बसले होते. पटाशीने चार ढलप्या काढायच्या, मग बोटाने टिचकी मारून कान लावायचा. पुन्हा चार ढलप्या, पुन्हा टिचकी. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यांनी खुणेनेच मला एका जागी टिचकी मारायला लावली, मग दुसऱ्या जागी. पहिला आवाज बद्द, दुसरा मोकळा. जिथे बद्द तिथे लाकूड अजून जाड! कोणते पुस्तक मला हे इतक्या झटपट शिकवते?

लाकूड झाले म्हणजे वीणा झाली नाही. दांडीवर काळ्या मेणाचे दोन कठडे घालतात आणि त्यात पितळेचे २४ पडदे बसवतात. नायक राजांपैकी रघुनाथ नायकाच्या काळात हा २४ पडद्यांचा मेळ पक्का झाला असे मानतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, त्यामुळे वाजवणारा ते सरकवू शकतो. वीणेचे पडदे मेणात रुतलेले. मेण मऊ आहे तोवर केसभर इकडे, केसभर तिकडे करून सूर मिळवायचा. एकदा घट्ट झाले की संपले. म्हणून पडदे बसवणाऱ्याच्या हाताइतकेच त्याच्या कानाला मोल. चार तारा वाजवायच्या आणि तीन बाजूच्या, ताल-सुराला. २०१३ साली या वीणेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे तंजावर भागात झालेल्या वीणेलाच ते नाव लावता येते. आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला तसे मानांकन २०२४ मध्ये मिळाले. मानांकनाने नाव राखले जाते. टिचकी मारून ऐकणारा कान कसा राखायचा, हा प्रश्न उरतोच. त्या म्हाताऱ्यांचा मुलगा, शेजाऱ्याने सांगितले, परगावी कारखान्यात नोकरीला आहे. "पगार महिन्याच्या महिन्याला येतो," शेजारी म्हणाला. त्याला दोष तरी काय देणार?

तंजावरची चित्रे तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असतील. लोण्याचा गोळा घेतलेला गुटगुटीत बाळकृष्ण, भोवती महिरप, सोन्याची झळाळी. तमिळमध्ये त्याला फळीवरचे चित्र अशाच अर्थाचे नाव आहे. फणसाची फळी घेऊन तिच्यावर कापड चिकटवतात ते चिंचोक्याच्या खळीने, जी आपल्याकडे घोंगडीला देतात तीच. आता पुष्कळ ठिकाणी फळीऐवजी प्लायवूड असते. कापडावर खडूच्या पुडीचे आणि डिंकाचे लेप देऊन ते घोटून गुळगुळीत करतात. मग रेखाटन. दागिने, खांब, महिरप यांच्या जागी तीच खडू-डिंकाची लुकणी चढवून उठाव आणतात, खडे बसवतात, आणि त्यावर सोन्याचा वर्ख दाबतात. रंग भरतात तो सर्वांत शेवटी. डोळे त्याहून शेवटी. ही कला चालवणारी राजू मंडळी मूळची तेलुगू मुलखातली, त्यांचे आश्रयदाते नायक आणि पुढे मराठे, आणि गाव तमिळ! मघाशी म्हटले तो धागा हाच.

चित्र घ्यायचे असेल तर वर्ख खरा सोन्याचा आहे की नुसता पिवळा चकाकणारा कागद आहे, ते सरळ विचारावे. चांगला कारागीर रागावत नाही, उलट दाखवतो. मी मात्र स्टेशनजवळच्या एका दुकानातून घाईने एक लहान चित्र घेतले आणि वर्षभरात बाळकृष्णाचा मुकुट काळवंडला. चूक माझीच. काम पाहायला एक जागा आणि खरेदीला दुसरी, असे करू नये.

पितळेच्या थाळीवर तांब्या-चांदीचे उठावाचे देव बसवतात, त्या तंजावरी थाळ्या आपल्याकडे सत्कारात दिल्या जातात. त्यांच्याविषयी अधिक सांगत नाही. बाहुल्या मात्र शिक्षकांनी जरूर आणाव्यात. एक नाचरी बाहुली. तिचे डोके, धड आणि घागरा वेगवेगळे, तारेच्या टोकावर तोललेले, जरा वारा लागला की तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने डोलतात. आणि दुसरी ती राजा-राणीची जोडी. बूड गोल आणि जड, वरचा भाग पोकळ. कशीही आडवी करा, उठून बसते. वस्तूचा गुरुत्वमध्य खाली असला आणि बूड गोल असले म्हणजे ती कलंडताना तो मध्य वर उचलला जातो, म्हणून ती आपोआप मूळ जागी येते, हा धडा फळ्यावर अर्धा तास समजावून जे होत नाही, ते या बाहुलीला एक टप्पल मारून होते. माझ्या घरची राणी शेजारच्या शाळेत नेली, ती अजून परत आलेली नाही.

आता राजवाड्यात जाऊ. वाडा मूळचा नायकांचा, त्यात मराठ्यांनी भर घातली. चोळांच्या काळच्या ब्राँझच्या मूर्ती तिथल्या कलादालनात आहेत. त्यांच्यासाठी एक सकाळ वेगळी ठेवावी. पण वाड्याचे हृदय म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. वर्षभरात राज्यकारभार इंग्रजांकडे गेला आणि यांच्या हाती उरला तो किल्ला, वाडा आणि तनखा. दुसरा कोणी असता तर शिकारीत आणि नाचगाण्यात दिवस काढता. नाचगाणे यांनीही केले, पण कसे ते पाहा. यांनी पोथ्या जमवल्या, पंडित जमवले, वाड्यात देवनागरी छापखाना घातला. १८०६ साली तिथे 'बालबोध मुक्तावली' छापली. इसापाच्या गोष्टी, मराठीतून. मराठी छापील पुस्तकांतले हे अगदी पहिल्या काही पुस्तकांपैकी एक, आणि ते पुण्यात झाले नाही, कावेरीकाठी झाले.

शिक्षकांसाठी आणखी एक. तमिळमध्ये कुरवंजी नावाचा नाचगाण्याचा प्रकार आहे. डोंगरातली एक भविष्य सांगणारी बाई येते आणि आपल्या मुलखाचे वर्णन करते. सरफोजीराजांनी तो साचा घेतला आणि 'देवेंद्र कुरवंजी' मराठीत रचली. तीत ती बाई जगाचा भूगोल सांगते, खंडे, देश, नगरे! भूगोलाचा तास नाचून घ्यायचा ही कल्पना आज कोणी मांडली तर आपण त्याला नव्या पद्धतीचा शिक्षक म्हणू.

नाटकाचेही तसेच. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी केलेल्या 'सीतास्वयंवरा'पासून धरतो. ते योग्यच आहे, कारण आजची रंगभूमी त्या मुळातून वाढली. पण त्याच्या दीडशे वर्षे आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, व्यंकोजीराजांचे पुत्र शाहराजे तंजावरात मराठी नाटके लिहीत होते. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांपैकी एक. याच राजाचे 'पंचभाषाविलास' नावाचे नाटक आहे, त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा रंगमंचावर येतात. आपली भाषा न सोडता शेजाऱ्याची घ्यावी, एवढे तंजावरच्या राजांना चांगले समजले होते.

भरतनाट्यम आज जसे पाहायला मिळते, त्याची घडी याच दरबारात बसली. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ सरफोजीराजांच्या पदरी होते. आधी अंग मोकळे करणारे अलारिप्पू, मग जतिस्वरम, शब्दम, मधला मोठा वर्णम, नंतर अभिनयाची पदे आणि शेवटी वेगाचा तिल्लाना, हा जो कार्यक्रमाचा क्रम आहे, तो या चौघांनी घालून दिला असे मानतात. 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाची सरफोजीराजांची एक मराठी रचना आहे. कोर्वे म्हणजे एकामागून एक गुंफलेले नृत्याचे भाग. त्यांच्यासाठी लिहिलेली ही मराठी गाणी. म्हणजे एके काळी हे नृत्य मराठी शब्दांवरही होत असे.

१८५५ नंतर आश्रय संपला आणि कलावंत पांगले. वडिवेलू तर त्याआधीच त्रावणकोरला गेले होते. १८८० मध्ये तंजावरच्या राजकन्येचा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी विवाह झाला, तेव्हा तिच्याबरोबर नर्तकी आणि वादक बडोद्याला आले. तंजोरकर हे आडनाव तिथे आजही आहे. देवदासीची प्रथा १९४७ च्या मद्रासच्या कायद्याने बंद झाली. प्रथा गेली ते योग्यच झाले. पण ज्या घराण्यांतल्या बायकांनी हे नृत्य शतकानुशतके सांभाळले, त्यांच्या मुलीबाळींनाच त्याच्यापासून दूर राहण्याची वेळ आली, आणि नृत्य मात्र प्रतिष्ठित घरांत गेले. बालसरस्वती, ज्यांच्या पूर्वज तंजावर दरबारात कलावंत होत्या, त्या टिकल्या आणि जगभर गाजल्या. सगळ्यांनाच ते जमले नाही. राजराजाच्या भिंतीवर जशी चारशे नावे आहेत तशी यांची कुठे कोरलेली नाहीत.

आता थोडे गावाकडच्या श्रोत्यांसाठी. आपली कीर्तने तिकडे गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांसारखे मराठी कीर्तनकार तंजावरात गेले, आणि त्यांचे ऐकून कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे वळण दिले. तमिळ कथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे आणि चाली येतात. शब्द कळत नाहीत पण चाल ऐकून पाय ठेका धरतो, असा अनुभव मला तिथे आला. लावणीही गेली! ती तिकडे शृंगाराच्या अंगाने न वाढता सवाल-जवाबाच्या अंगाने वाढली. शंकराने मदनाला जाळले, तो खरोखर जळला की नाही, यावर दोन पक्ष होळीच्या दिवसांत गाण्यातून भांडतात. एक 'जळला' पक्ष, दुसरा 'जळला नाही' पक्ष. आपल्या कलगी-तुऱ्याचा हा सख्खा भाऊ. सांबार हे नाव संभाजीवरून पडले असेही तुम्हाला ऐकवतील. त्याला धड पुरावा नाही. सांबार खावे, पुरावा मागू नये.

वेळ साधून जायचे असेल तर दोन मुहूर्त सांगतो. पौष वद्य पंचमीला, म्हणजे साधारण जानेवारीत, तंजावरहून १३ किलोमीटरवर तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना असते. त्यागराज १७६७ ते १८४७. सरफोजीराजांनी दरबारात बोलावले असता ते गेले नाहीत, अशी कथा तिकडे घरोघर सांगतात. त्या दिवशी कावेरीच्या काठी शेकडो गायक-वादक जमिनीवर मांडी घालून बसतात आणि त्यांच्या पंचरत्न कृती एका सुरात गातात. थोर विद्वान आणि कालचा विद्यार्थी शेजारी शेजारी. त्यांची समाधी आज ज्या रूपात आहे ती बंगळूर नागरत्नम्मा नावाच्या गायिकेने विसाव्या शतकात स्वतःच्या पैशाने उभी केली. आणि तिथे स्त्रियांना गाऊ द्यावे म्हणून झगडावे लागले तेही तिलाच. दुसरा मुहूर्त नृसिंहजयंतीचा, मे महिन्याच्या आसपास. तंजावरहून जवळच असलेल्या मेलट्टूर गावी तेव्हा भागवत मेळा होतो. गाव तमिळ, नाटक तेलुगू. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुष करतात, आणि रात्र रात्र प्रह्लादाची कथा चालते. आमच्या कोकणातल्या दशावतारी मंडळींना तिथे एकदा बसवावे असे माझ्या फार मनात आहे. ऊन मात्र कडक असते, ते सोसण्याची तयारी हवी.

राहिली एक गोष्ट. ती सांगायला मला थोडा संकोच वाटतो.

सरस्वती महालात तीन हजारांच्या आसपास मराठी हस्तलिखिते आहेत, आणि त्याखेरीज तंजावरच्या मराठी दरबाराच्या कागदांची हजारावर बाडे आहेत. देवळांचे हिशेब, कलावंतांना दिलेली इनामे, वाड्यातले खर्च. सरफोजीराजांच्या नाटकशाळेत कोणाला काय मिळत होते, हे कळायचे तर असल्याच कागदांतून कळायचे. लिपी मोडी. तिथे मांडून ठेवलेला मोडीचा एक कागद मी पाहत उभा होतो. शेजारी एक तमिळ गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मी महाराष्ट्रातला, हे त्यांना माझ्या बोलण्यावरून कळले होते. त्यांनी अगदी अदबीने इंग्रजीत विचारले, "हे तुमच्या भाषेत आहे ना? काय लिहिले आहे?"

मी मराठीचा एम.ए. महाविद्यालयात मराठी शिकवतो. आणि मला त्या कागदावरची पहिली ओळसुद्धा वाचता आली नाही. ती मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी काहीतरी पुटपुटलो आणि पुढच्या कपाटाकडे सरकलो.

घरी आल्यावर आजोबांच्या पेटीतले जुने कागद काढले. आपल्याकडे पुष्कळ घरांत असे कागद असतात. खरेदीखते, वाटणीपत्रे, कोणी उघडत नाही. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. सुट्टीत तिथे जाऊन बसलो. बाराखडी लवकर आली, पण लिहिणाऱ्याचा हात धावरा असला की अजूनही अडते. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी आमच्या गावच्या शाळेत आम्ही सहा-सात जण बसतो. त्यात दोन प्राथमिक शिक्षक आहेत आणि एक निवृत्त तलाठी. त्यांना आमच्यापेक्षा जास्त वाचता येते. पहिला कागद लागला तो एका विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा होता. तो वाचायला आम्हाला अकरा दिवस लागले. येत्या पौषात आमच्यातले चौघे तंजावरास जाणार आहेत. तिकिटे काढून झाली आहेत.